तांबं नाही तिथे

गल्लीत तिला सगळे सूनबाईच म्हणत. पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान सासूबाईंचं, तिच्या हातातली कला त्यांचीच, आणि चाळिशीत तिला पदवीच्या वर्गात घालायचा हट्टही त्यांचाच. "तार भरतेस, मग तारेत काय चालतं ते नको कळायला?" असं म्हणून नाव घालून मोकळ्या झाल्या. वर्ष सरायच्या आत गेल्यासुद्धा.

आता गृहपाठातलं एक गणित सूनबाईच्या मानगुटीवर बसलं होतं. जाड गोल तार, तिच्यातून वीज वाहतेय. तारेत लांबच्या लांब पोकळी, तीही मधोमध नाही, एका बाजूला. त्या पोकळीत चुंबकीय क्षेत्र किती? तिने बेधडक शून्य लिहिलं. सासूबाईंचं वाक्यच होतं, "तांबं नाही तिथे काही नाही." सरांनी लाल गोल मारून वही परत केली. आज सुटलं नाही तर वर्ग सोडायचा, असं तिने ठरवलं होतं. त्या नाहीत, तर हा खटाटोप कुणासाठी?

दुपार कलली. वार्निशच्या वासाने डोळे जड झाले. गुंडाळी फिरवता फिरवता डुलकी लागली आणि ती तारेच्या आतच शिरली. सगळीकडे तांबूस, कोमट उजेड. चालत चालत ती पोकळीपाशी आली आणि तिथेच अडली.

"आई, चहा." लेक कप घेऊन आली, ती दुकानाच्या मधल्या मोकळ्या जागेला वळसा घालून.

"सरळ ये की गं."

"तिथून कशी येऊ? आजी बसते ना तिथे."

सासूबाईंचं स्टूल तर कधीच माळ्यावर गेलं होतं. सूनबाईच्या लक्षात आलं, सकाळपासून तीही वळसाच घालतेय.

तिने पेन्सिल उचलली. पोकळी भरलेलीच आहे असं धरलं. मग तेवढ्याच जागेत तेवढीच वीज उलटी सोडली. जागा पुन्हा रिकामी, पण सुलट आणि उलट, दोघींचं क्षेत्र शिल्लक! बेरीज करताना एकेक पद गळत गेलं. उरलं ते फक्त तारेच्या आणि पोकळीच्या केंद्रांमधलं अंतर. पोकळीत कुठेही उभं राहा, क्षेत्र सारखंच.

तिला रडू फुटलं.

"आलं नाही का उत्तर?" लेक घाबरली.

"आलं गं. तुझी आजी चुकली."

मनगटाने डोळे पुसून तिने वही उचलली आणि वर्गाला निघाली, मधल्या जागेला वळसा घालून.