पत्रिकेतलं पहिलं नाव

दिनानाथ पनवेलच्या बाजारात चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापतो आहे. पूर्वी शिशाच्या अक्षरांचे खिळे चिमट्याने एकेक जुळवून ओळ करायची. आसपासच्या गावांतल्या घराण्यांच्या निमंत्रकांची नावं त्याने अशी जुळवून, सुतळीने बांधून फळीवर ठेवली होती. कोणी मेलं की नावाआधी ‘कै.’ बसवायचं, कोणी भांडलं की नाव उपसून काढायचं. मग कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले आणि नाव उडवायला एक बटण पुरेसं झालं. भांडणं त्यामुळे वाढली असं नाही, पण सोयीची झाली. आता लोक मोबाईलवरच पत्रिका करतात. दिनानाथच्या दुकानात दिवसभर पंखा फिरतो.

त्याचा नियम एकच. गिऱ्हाईक सांगेल ती नावं, सांगेल त्या क्रमाने. एकदा त्याने स्वतःचं डोकं चालवलं होतं, तर ऐन मांडवात दोन मामांची हाणामारी झाली.

गेल्या महिन्यात त्याचा धाकटा भाऊ हिराजी करंजाड्याहून दुकानात आला, नऊ वर्षांनी. दोघांचं भांडण सामाईक विहिरीचं. त्या विहिरीवर आता सात मजली इमारत उभी आहे. भांडण मात्र शाबूत होतं. हिराजीच्या मुलीचं, प्रांजलचं लग्न ठरलं होतं. पत्रिका मोबाईलवर करून झाली होती, पण पहिली पत्रिका कुलदेवीला द्यायची असते आणि देवीपुढे मोबाईल ठेवून येता येत नाही.

हिराजी नावं सांगू लागला. मोठ्या भावाचं नाव सगळ्यांच्या वर असतं. हिराजीने सुरुवात स्वतःपासून केली. दिनानाथ टाइप करत गेला. अकरा नावं झाली, त्यात त्याचं नव्हतं. हिराजीने प्रूफ दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं आणि सही करून निघून गेला.

एकीसाठी छपाई लावायचीच, तर गावातही वाटता येतील म्हणून हिराजीने पाचशे सांगितल्या होत्या. त्या दिनानाथने स्वतः छापल्या, पुतणीचं नाव सोनेरी शाईत. त्याला फार वाईट वाटत होतं. छपाई चांगली आली.

घरच्या माणसाला कोणी पत्रिका देत नाही. ती परक्यांना द्यायची. म्हणून हिराजी गठ्ठे न्यायला आला तेव्हा दिनानाथ म्हणाला, “यातली एक मला दे. पावण्यासारका येईन नि जाईन.”

हिराजी भडकला. “तुला कसली पत्रिका? पावना हायस काय तू?”

“मग माजं नाव कुटं हाय?”

“तेच तर मी प्रूफात शोधत व्हतो! सगल्या गावाची नावं तुला पाठ. मला वाटला, तूच घालशील.”

“तू सांगितलं नायस.”

“नव वर्सं बोललो नाय तुज्याशी. एकदम तुजं नाव कसा घेऊ?”

दिनानाथने पाचही गठ्ठे उचलून रद्दीच्या पोत्यात टाकले आणि कॉम्प्युटरसमोर बसला. “आता घे.”

हिराजीने घसा खाकरला. “लिव. पयला नाव. दादा.”

“पुरं नाव सांग,” असं दिनानाथला म्हणायचं होतं. पण गिऱ्हाईक सांगेल तेच नाव. त्याने ‘दादा’ टाइप केलं.