सूर्यावरचं वादळ आणि आमचा फोन

आमची मुलगी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात हिवाळा काढायला गेली, तेव्हा गल्लीतल्या बायांनी विचारून विचारून मला भंडावलं. एवढ्या लांब पोरीचं काय काम? मी म्हणायची, हवा बघते. मग त्या म्हणायच्या, हवा काय बऱ्हाणपुरात नाही?

काम तिनेच मला समजावलं होतं. सूर्यावर वादळ उठलं की तिथून बारीक कण सुटतात. पृथ्वीचं चुंबक त्यांना ध्रुवांकडे वळवतं. तिथली वरची हवा ते पार ढवळून टाकतात, आणि तीच बिघडलेली हवा अंधाराच्या महिन्यांत हळूहळू खाली उतरून ओझोन खाते. ते मोजायला ही बया तिथे जाऊन बसलेली. हे, म्हणजे तिचे पप्पा, पडले केळी लावणारे; वादळ म्हटलं की यांना टेकूच आठवायचे. फोनवर तिला चिडवायचे, "आम्ही झाडाला बांबू लावतो, तू कशाला लावशील?"

एका रविवारी ती म्हणाली, "मम्मी, मोठं वादळ येतंय. चार-पाच दिवस फोन लागणार नाही. टेन्शन मत लेना." आवाजात आनंद मावत नव्हता. याचसाठी तर ती गेली होती.

फोन बंद पडला, आणि नेमकी तेव्हाच तिने जाण्याआधी स्वतःच्या हाताने लावलेली केळी निसवली. पहिला घड बाहेर आलेला पाहून हे शेतातून तडक घरी आले. मला बजावलं, "तिला तू नको सांगू. मी सांगणार." सकाळी फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. मी चहा दिला तर कप हातातून निसटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीवावरचं टळलं, पण वाचा गेलीय. परत येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. मी पोरीला फोन लावत राहिले. लागेचना. डॉक्टरांशी भांडले, नर्सशी भांडले, सूर्याला तर रोज शिव्या घातल्या. तो मेला आपल्या वेळेवर उगवायचा. मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

यांना घरी आणलं त्या दुपारी फोन वाजला. "मम्मी, सगळं रेकॉर्ड झालं. इतकं मोठं वादळ आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. पहले पप्पांना दे ना."

सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण सांगून ती काय करणार? तिला परत आणणारं जहाज यायला अजून कितीतरी महिने होते. मी स्पीकर लावून फोन यांच्या तोंडाशी धरला.

यांनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. नुसता श्वास बाहेर आला, परत आला. डोळे माझ्याकडे लागलेले.

"पप्पा? हॅलो, पप्पा?" ती म्हणत राहिली. मग मला म्हणाली, "मम्मी, मघाशी तुझा आवाज आला, त्यांचा येत नाही. लाइन मधेच तुटतेय, वादळ अजून उतरलेलं दिसत नाही. मी उद्या लावते."

"हो माय," मी म्हटलं, "उद्या लाव."