साध्या पाण्याची ओळ

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी सदाशिव पेठेत खोली घेऊन राहत होते आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका मावशींच्या रानात मिरचीच्या चार ओळी सांभाळत होते. तीन ओळींवर तणनाशक, चौथीवर साधं पाणी. तणनाशकाने पिकाच्या गुणसूत्रांचं आणि फळधारणेचं काय होतं, हा माझा विषय. मावशी नात्यातल्या नव्हत्या. जागा त्यांची, बी त्यांचं, फवारणीचा पंपही त्यांचाच. बी माहेरहून आणलेलं, दरवर्षी राखेत घालून मडक्यात जपलेलं. गावात बाकी सगळे तोवर दुकानातलं पाकीट आणू लागले होते.

सकाळी नऊला कळ्या खुडायच्या, स्पिरिट आणि आम्लाच्या बाटलीत टाकायच्या, बसने कॉलेजात आणायच्या. परागकोश लाल रंगात चिरडले की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विभागताना दिसते. गुणसूत्रांच्या बारा जोड्या सुटून निम्मी निम्मी दोन टोकांना जायला हवीत. तणनाशकाच्या ओळींत काही मध्येच रेंगाळलेली, काही एकमेकांत अडकून ताणलेली. पराग पोकळ, रंगच न घेणारा. अशा फुलांना फळ धरत नाही, धरलं तरी बी पोचट. खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता. प्रबंध जमत होता.

मग एका सोमवारी चौथ्या ओळीची काच लावली. तिथेही तेच. दुसरी कळी घेतली, तिसरी घेतली. माझ्या मार्गदर्शक सरांनी डोळा लावला आणि म्हणाले, "वा! साध्या पाण्याने गुणसूत्रं तुटतात, हा शोध आपण लावलात. आता पाणी पिणं सोडा."

कारण दुपारी सापडलं. नियम असा, की साधं पाणी आधी मारायचं, तणनाशक नंतर. मी मात्र वारा सुटायच्या आत तणनाशक उरकावं म्हणून क्रम उलटा केला, पंप तीनदा विसळला आणि त्यातूनच चौथ्या ओळीवर पाणी मारलं. तणनाशक असं विसळून जात नाही, हे मी परीक्षेत लिहून आले होते! आणि तोच पंप मी मावशींना परत दिला होता. त्यांनी तो घरच्या मिरचीवर कीडनाशक मारायला वापरला. गेल्याच आठवड्यात त्यांच्या झाडांची पानं मुरडलेली मी पाहिली होती. त्यांचा मुलगा म्हणत होता, "बोकड्या रोग हाय ह्यो. बीच खराब झालंय तुजं. मडकं रिकामं कर, म्या पाकीट आनतो."

कॉलेजच्या चार कुंड्यांत मी त्यांचंच बी लावलं होतं. त्या कळ्या तपासल्या. सगळं जिथल्या तिथे. म्हणजे मडक्यातलं बी धड होतं आणि हे फक्त मला माहीत होतं.

त्याच दिवशी बस पकडायला हवी होती. पण प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. मावशींना सांगितलं की मुलाला कळणार, तो कॉलेजात येऊन सरांना जाब विचारणार, माझं वर्ष जाणार. मी घाबरले. कुंड्यांतल्या कळ्याच 'साध्या पाण्याची ओळ' म्हणून लिहिल्या. सरांना सांगितलं, आधीच्या काचांची अदलाबदल झाली होती. रोज म्हणायचे, उद्या जाते. जेवण जात नव्हतं.

सरांची सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मांजरीला गेले. मावशी दारात लसूण सोलत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पंपाचं, कुंड्यांचं. "मावशी, तुमचं बी चांगलं आहे. मी स्वतः पाहिलंय."

"कवा पायलंस?"

"गेल्या सोमवारी."

त्यांचे हात थांबले. "परवा चुलीत घातलं गं म्या. पोरगा रोज म्हनायचा, माजा हात हुत न्हवता. परवा घातलं."

मला रडू फुटलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एकदम म्हणाल्या, "आगं, पन तुज्या कुंड्या हायत न्हवं? चार झाडं पुरं हायत मला."

ती झाडं मी आदल्या दिवशी, सही झाल्याबरोबर, मुळासकट उपटून कचऱ्यात टाकली होती. कुणी विचारू नये म्हणून.