विहिरीच्या पाण्याचा चहा

काझीसाहेबांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख द्या, पण तक्रारीचा सूर नको, असे संपादकांनी मला फोनवर बजावले. शहराला प्यायला पाणी आणि श्वासाला हवा मिळावी म्हणून ज्यांनी आयुष्यभर तक्रारीच केल्या, त्यांच्याविषयी गोड-गोड काय लिहायचे? तरी प्रयत्न करते.

साहेबांना मी प्रथम पाहिले ते पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. ते तिथले रसायनतज्ज्ञ, मूळचे पिशोर गावचे. मी नुकतीच लागलेली लिपिक, अजून कायम व्हायची होते. दुष्काळाचे वर्ष होते. मी शिकले त्या छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये पेल्यात घोटभर पाणी उरले तरी सिस्टर आम्हाला उभे करत. ती शिस्त मी कचेरीत आणली. कोपऱ्यात बादली ठेवली. कुणी उष्टे पाणी फेकायचे नाही, बादलीत ओतायचे, संध्याकाळी ते कुंड्यांना. सगळे मला वचकून होते आणि मला ते आवडत होते.

एके दिवशी टेबलावर तीन बाटल्या दिसल्या. कुणी तरी पाणी भरून विसरले, असे समजून मी बडबडत त्या बादलीत रिकाम्या केल्या. त्यांच्या चिठ्ठ्या सुटून टेबलाखाली पडल्या होत्या, हे नंतर दिसले.

ते कारखान्यांच्या वसाहतीलगतच्या वस्तीतल्या विहिरीचे पाणी होते. त्या उन्हाळ्यात न आटलेली ती एकच विहीर. शेजारच्या कारखान्याचे सांडपाणी तिच्यात झिरपते, असे साहेबांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी त्या तक्रारीची सुनावणी होती आणि पुरावा कुंड्यांत जिरला होता.

मी राजीनामा लिहायला बसले. साहेबांनी कागद बाजूला सारला. म्हणाले, “पानी गया तो गया, बाई. बावडी में और बहोत है. वही तो रोना है.”

वरिष्ठांना त्यांनी लिहून दिले की नमुना आपल्याच निष्काळजीपणामुळे वाया गेला. त्या वर्षी त्यांची बढती हुकली. त्यांनी मला हे सांगितले नाही. ती फाइल पुढे माझ्याच टेबलावर आली म्हणून कळले. इतकी वर्षे मी गप्प राहिले. चूक माझी होती, हे आज छापून येऊ दे.

सुनावणी पुढे ढकलली गेली. साहेबांनी मला बरोबर घेतले आणि आम्ही पुन्हा त्या विहिरीवर गेलो. पाणी शेंदणाऱ्या गयाबाई बाटल्यांकडे बघून म्हणाल्या, “बाटल्या भरून न्यायला समदे येतात. पाणी घिऊन कुणी येत नाय.”

“व्हय आक्का, खरं हाय,” साहेब म्हणाले. नवे नमुने भरून झाल्यावर त्यांनी गयाबाईंकडून एक कळशी मागून घेतली आणि ती घेऊन थेट कारखान्यात गेले. व्यवस्थापकांनी चहा सांगितला.

“चहा घेतो, पण ह्या पाण्याचा करा.”

“अहो काझीसाहेब, आमच्याकडे फिल्टर आहे.”

“तुमच्याकडं आहे हो. भिंतीपलीकडं नाही.”

चहा आला. साहेबांनी पहिला कप व्यवस्थापकांपुढे सरकवला. “पहले आप.” व्यवस्थापकांनी तो नाकापर्यंत नेला आणि खाली ठेवला. सुनावणीत त्या गृहस्थांनी नव्या नमुन्यांवर वाद घातला नाही. विजेचे बिल वाचवायला बंद ठेवलेली सांडपाण्याची यंत्रणा त्याच महिन्यात सुरू झाली.

पुढे साहेब कळशी घेऊन कारखान्यामागून कारखाना फिरले. शुद्ध केलेले पाणी यंत्रे थंड करायला वापरा, फरशा त्यानेच धुवा, उरेल ते झाडांना द्या, धरणातले घरांसाठी सोडा. एवढे साधे सांगायला त्यांना निवृत्तीपर्यंतचा काळ लागला. काहींनी ऐकले. बाकीचे दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावून फोटो काढतात. परवाच्या सत्कारसभेत व्यासपीठावर अर्ध्या प्यायलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या रांगेने उभ्या होत्या आणि भाषणे पर्यावरणावर होती. मी घरून बादली नेली नाही, याची हळहळ वाटते.

गयाबाईंची विहीर निवळायला काही पावसाळे जावे लागले. मग एक दिवस त्यांचा निरोप आला, चहाला या. गुळाचा चहा होता. गयाबाई पहिला कप स्वतः प्यायल्या, मग आम्हाला दिला. साहेबांनी बशी पुसल्यासारखी रिकामी केली आणि पुन्हा पुढे धरली.

साहेब, त्या वस्तीजवळच्या नाल्यापलीकडच्या दोन विहिरींचे पाणी अजून कुणी ओठाला लावत नाही. तिथला चहा मला आपल्यासोबतच घ्यायचा आहे. त्यासाठी आपल्याला दीर्घायुष्य लाभो, गुडघे धड राहोत आणि नजर आहे तशीच तीक्ष्ण राहो. कळशी या वेळी मी उचलेन.