म्हातारा चालू आहे

प्रल्हादमामांची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली. मी स्टूल ओढून बसले, तर म्हणाले, "चार्ज घे. राजा जखमी, जहाज चालू, तलवार पाण्यात टाकायची बाकी. अन् पाहय, म्हाताऱ्याले बंद पडू देऊ नको." नर्सला वाटलं, पेशंट बरळतोय. मला मात्र हसू आलं, कारण आमच्या घरात असंच बोलत... त्याच आठवड्यात मामा गेले.

मामांची उभी हयात खापरखेड्याच्या वीजकेंद्रात गेली, कंट्रोल रूममध्ये. पाळी संपली की पुढच्याला चार्ज द्यायचा, म्हणजे काय चालू, काय बंद, कशावर नजर ठेवायची ते तोंडी सांगायचं आणि मगच डबा उचलायचा. निवृत्तीनंतर जरीपटका वस्तीत घर बांधलं तरी खोड गेली नाही. मामी भाजीला निघाली तरी गॅसवरच्या दुधाचा चार्ज दिल्याशिवाय तिला फाटक ओलांडता येत नसे. असा माणूस एकदा सीताबर्डीच्या फूटपाथवरून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन आला. कव्हर गायब. आत दगडातली तलवार उपसणारा, गोल मेजाभोवती सरदार बसवणारा तो इंग्रजांचा दंतकथेतला राजा. फक्त लेखकानं त्याचा अख्खा किल्लाच जहाज करून अंतराळात नेऊन ठेवला होता, आणि राजाचा म्हातारा जादूगार म्हणजे त्या जहाजाचं बोलतं यंत्र. मामा त्या म्हाताऱ्यावर एकदम फिदा!

मामीला इंग्रजी येत नाही. म्हणून जेवणं झाली की मामा एकेक पान वाचून आपल्या बोलीत सांगत आणि मामी तुरीच्या शेंगा सोलत ऐके. मी रविवारी गेले की आधी मला मागच्या पानांचा चार्ज मिळे. मामांच्या सांगण्यात सरदार एकमेकांना जयभीम करत, राणी रुसली की खाप्याला जाई, कारण मामीचं माहेर खाप्याचं. म्हातारा तर वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडल्याचीही तक्रार करी.

"अवो, यंत्राले काय करायचं मीठ?" मामी विचारी.

"त्याले वास तर येते नं!" मामा ठणकावून सांगत. मग दोघंही इतकी हसत की पान तिथंच राहून जाई.

मामा गेल्यावर जमलेले पाहुणे पांगले, तेव्हा मामीनं ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "पुढं काय झालं ते मले ऐकायचं हाये." मी ते घरी नेलं, पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर चाटच पडले. म्हातारा मेला होता! एका मायावी बाईनं त्याला कायमचं बंद पाडलं होतं. त्यापुढच्या कुठल्याच पानावर तो नव्हता. मीठ, टोमणे, राजाला दिलेले सल्ले... सगळं मामांचं स्वतःचं. दवाखान्यातला चार्ज मला तेव्हा कळला.

मग मामीला पुढचं सांगताना मीही त्याला जगवलं. माझा म्हातारा जरा पुस्तकी बोले, मामी कपाळाला आठी घाले, पण गाडी चालली. शेवटी शेवटचं पान आलं. जखमी राजाला छोट्या यानात निजवून ताऱ्यांपलीकडे पाठवतात. एकटाच जातो तो.

"अन् म्हातारा?" मामीनं विचारलं.

"गेला की सोबत," मी म्हटलं.

मामी मांडीवरच्या सुपातल्या शेंगा सांडेपर्यंत हसली. "तुले तुह्या मामासारखं फेकता येत नाही वं. तो कधीचाच मेला. मले मालूम हाये."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"एक दिवस वाचता वाचता त्यायचा आवाज बसला. चष्मा पुसत राहिले. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो म्हातारा हुबेहूब तुह्या मामासारखा बोलायले लागला. मग मी काहून टोकू?"

मला रडू आवरेना. मामीनं सांडलेल्या शेंगा सुपात भरल्या, पुस्तक उलटवलं आणि पहिलं पान काढून माझ्यापुढे धरलं.

आता रविवारी जाते तेव्हा मामांची वेताची खुर्ची खिडकीशी ओढून ठेवलेली असते. मी बसायच्या आधी मामी शेंगा सोलता सोलता मला चार्ज देते, "राजा अजून लहान हाये. तलवार दगडात. म्हातारा चालू."