बांधावरची खुर्ची

मोबाइलवर सोपानचं नाव दिसलं तेव्हा मी फोन घेतला नाही. सोपान माझा चुलतभाऊ. अवसरीत त्याचं नि माझं रान शेजारी, मध्ये एक बांध, आणि गेल्या उन्हाळ्यापासून बोलणं बंद. पुन्हा वाजला तेव्हा घेतला. "दादा, मी आळेफाट्याला कांदा घेऊन आलोय," तो म्हणाला आणि थांबला. "...दाजी गेले." माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आळ्याचे निवृत्त सुभेदार. सकाळी अंघोळीचं पाणी काढताना कोसळले. ही बातमी आमच्या घराआधी सोपानला कळली होती, आणि त्याचा आवाज फाटलेला होता.

दाजी आफ्रिकेत शांतिसेनेत होते. तिथलं निळ्या पट्ट्यांच्या फितीचं मेडल त्यांना मिळालं होतं, पण सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावलं तरी ते लावत नसत. छातीवर लावलेलं मी एकदाच पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात सोपाननं बांध फोडायला जेसीबी आणला. त्याचं म्हणणं, बांध दोन हात त्याच्या रानात सरकलाय. माझ्या टेपनं तो एक हातही भरत नव्हता. गावात सांगतात, वीस-पंचवीस माणसं भिडली. खरं तर दोन्हीकडचे मिळून आम्ही सहा होतो. पण दोघांच्या हातात कोयते होते आणि त्यातला एक माझा मुलगा होता. आम्ही मशीनला आडवे उभे राहिलो आणि मी दाजींना फोन केला. वाटलं, माणसं घेऊन येतील. ते मोटरसायकलवर एकटेच आले, पांढऱ्या शर्टावर मेडल. आमच्या पडवीतली प्लॅस्टिकची खुर्ची स्वतः उचलून नेली आणि जेसीबीसमोर बांधावर मांडून बसले.

"दाजी, आमच्या अंगाला बसा ना," मी म्हणालो.

"पावणं, ह्या खुर्चीला बाजू न्हाई."

सोपान हसला. "लई मोठं मेडल लावलंय राव! माणसं किती मारली?"

"एकबी न्हाई. म्हून तर मिळालं."

ड्रायव्हरनं बकेट वर घेतलं. त्याची सावली दाजींच्या मांडीवर आली. माझा मुलगा पुढं सरकला. मागं न बघता दाजी म्हणाले, "कोयता खाली. आदी तू." आधी माझ्या मुलाला! तो राग मला पुढे कितीतरी दिवस पुरला. मुलानं कोयता टाकला, मग पलीकडचाही पडला. "मी भाड्यानं आलोय भाऊ, मला कशाला गुंतवता?" म्हणत ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

नंतर चहा घेताना मी घुश्श्यातच होतो. दाजी म्हणाले, "तिकडं दोन गावांच्या मदी आमची पोस्ट व्हती. बंदूक हातात, पर काम उभं ऱ्हायचं. दोनी गावं आमाला शिव्या द्यायची. एकाच गावानं दिल्या असत्या, तर समजायचं आपून चुकीच्या जागी उभं हाय."

सरकारी मोजणी होईपर्यंत बांधाला हात लावायचा नाही, एवढंच त्यांनी दोघांकडून कबूल करून घेतलं. खुर्ची तिथंच राहिली. मंचरच्या बाजाराला आले की दाजी येऊन तिच्यावर बसत, तोंड बांधाच्या लांबीकडे, ना सोपानच्या घराकडे ना माझ्या. चहा एकदा माझा, एकदा त्याचा.

मोजणी येत्या सोमवारी आहे. मुलगा गप्प आहे, पलीकडची पोरंही गप्प आहेत, आणि ही शांतता मला बरी वाटत नाही. बहिणीनं मेडल माझ्या हातात ठेवलं. "सोमवारी तू लाव अन् बस तिथं." मी परत दिलं. मला बाजू आहे.

परवा संध्याकाळच्या वाऱ्यानं खुर्ची सोपानच्या रानात कोलमडली. मी दारातून पाहिलं, पण उचलायची तर पाऊल त्याच्या रानात पडणार... गेलो नाही. सकाळी ती बांधावर उभी होती, पाय मातीत दाबलेले, तोंड लांबीकडे. मी टेप घेऊन गेलो. दोन्ही कडांपासून मोजलं.

बरोबर मध्यावर होती.