फॉस्फेटच्या पाण्यातलं औषध

दुपारच्या जेवणानंतर प्रयोगशाळेतच हेमांगीचा डोळा लागतो. पुढ्यात अहवाल आहे: सीरियम ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांनी डोळ्याच्या पडद्याची झीज थांबत नाही, प्रकल्प बंद करावा. तिची सही तेवढी राहिली आहे. पेन हातातच राहतं.

समोर सबनीस सर बसलेले. हे औषध त्यांचंच, उभी हयात त्यात घातली आणि दिवाळीत गेले.

"सही करतेस?"

"काय करू, सर? उंदरांना गुणच येत नाही. तुमच्या हातचं औषध तुमच्यामागे चालेना." तिचा पारा चढतो. "गेल्यावर चौकशी करायला बरं सुचतं."

टेबल आता सरांच्या घरचा ओटा झालेलं आहे. फडताळात डब्यांच्या जागी उंदरांचे पिंजरे आहेत, आणि सर चहाचं आधण ठेवतायत.

"कशात कालवलंत?"

"फॉस्फेटच्या सलाइनमध्ये. नवे प्रमुख आलेत ना, दिवेकर सर. ते म्हणाले, साखरपाणी म्हणजे काय देवाचं तीर्थ आहे? सगळे वापरतात ते सलाइन घ्या."

सर भांडं आपटतात. "अगं, फॉस्फेट त्या कणांना चिकटून बसतं. मग पेशी जाळणारा ऑक्सिजन ते निकामी करणार कसा? मी जन्मभर साखरपाण्यात कालवलं, ते काय हौस म्हणून? दुधात लिंबू पिळायचं आणि खीर नासली की तांदळाला बोल लावायचा. वर म्हणे औषध फोल."

हेमांगीला लाज वाटते, आणि त्याहून जास्त दिवेकरांचा संताप येतो. विचारायचीसुद्धा तसदी घेतली नाही त्या माणसाने.

ती एस.टी.त सरांशेजारी बसली आहे. खिडकीबाहेर रस्त्याच्या कडेने माणसं उभी आहेत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, चाचपडत.

"यांना काय सांगशील?" सर तिचं मनगट घट्ट धरतात.

ती जागी होते. मनगटावर बोटांचे फिकट पिवळे ठसे आहेत, सीरियमच्या भुकटीचा रंग. आज तिने ती बाटली उघडलेलीच नाही.

ती तडक दिवेकरांच्या केबिनमध्ये जाते.

"सही झाली?"

"नाही. तुमच्या फॉस्फेटने औषध मारलं. प्रयोग पुन्हा होईल, साखरपाण्यात. तोवर हा अहवाल इथून हलणार नाही."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ज्यांचं औषध आहे त्यांनी," ती म्हणते आणि हात त्यांच्या टेबलावर ठेवते.